‘तुमच्या घराण्यात कुणाला होतं का?’

बारा-तेरा वर्षांचा मुलगा एकटाच पुटपुटायला लागतो, वहीत लिहायचे सोडून छताकडे बघत बसतो, रात्री उठून दाराच्या कड्या पुन्हा पुन्हा तपासतो. घरचे आधी देवरुषी करतात, मग कुणाच्या तरी सांगण्यावरून नरसोबाच्या वाडीला जाऊन येतात आणि सहा-आठ महिने गेल्यावर मानसोपचाराच्या ओपीडीत येतात. तिथे पहिल्या पाच मिनिटांत एक प्रश्न ठरलेला असतो: ‘तुमच्या घराण्यात कुणाला होतं का?’ विचारणाऱ्यासाठी ही केसपेपरवरची एक ओळ असते, पण ऐकणाऱ्यांच्या कानाला ती आरोपासारखी लागते. मग आठवणींचे उत्खनन सुरू होते. चुलत आजोबा घर सोडून गेले होते, आईची मावशी ‘जरा तशीच’ होती. हे उत्खनन बहुतेक वेळा आईच्या माहेरी जाऊन थांबते.

हा प्रश्न विचारूच नये असे नाही, तो विचारलाच पाहिजे. पण लहान वयात सुरू होणाऱ्या स्किझोफ्रेनियात, म्हणजे भास आणि भ्रम होणाऱ्या मानसिक आजारात, तो अपुरा पडतो, कारण यातल्या काही मुलांमध्ये आजाराचे मोठे कारण घराण्यात नसतेच. ते त्या मुलापासूनच सुरू झालेले असते. ते शोधायची चाचणी आहे, ती काही मुलांच्या उपचाराची दिशा बदलते, आणि कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात ठरावीक मुलांना ती मोफत आणि समुपदेशनासह मिळायला हवी. तीच चाचणी सोयरीक जुळवणाऱ्यांच्या हाती मात्र पडता कामा नये. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधायच्या आहेत आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

इंग्रजी ‘म्युटेशन’ला पाठ्यपुस्तकात उत्परिवर्तन म्हणतात. तलाठ्याच्या दप्तरात त्याच इंग्रजी शब्दाला फेरफार म्हणतात, आणि समजावून सांगायला तो शब्द फार सोयीचा आहे. सातबाऱ्यावरच्या काही नोंदी वारसाने आलेल्या असतात, काही नव्याने पडलेल्या. जनुकांचेही तसेच. आई-वडिलांकडून आलेल्या सुमारे सहा अब्ज अक्षरांच्या मजकुरात प्रत्येक मुलात साठ-सत्तर अक्षरे अशी सापडतात, जी आईतही नसतात आणि बापातही नसतात. बीजपेशी बनताना मजकुराची नक्कल करावी लागते आणि नक्कल करणाऱ्याचा हात कधीतरी चुकतो. हे नवे फेरफार तुमच्या-आमच्यात, गावातल्या प्रत्येकात आहेत. प्रथिने बनवणारा मजकूर एकूण मजकुराच्या एक-दीड टक्का एवढाच असल्याने यातला सरासरी एखादाच फेरफार कामाच्या जागी पडतो, आणि तिथेही तो बहुधा निरुपद्रवी ठरतो.

आइसलँडमध्ये आई, बाप आणि मूल अशा ७८ त्रिकुटांचा पूर्ण जनुकीय मजकूर वाचून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या नकलेचा हिशेब मांडला. आईकडून येणारे नवे फेरफार साधारण पंधरा. बापाकडून येणारे त्याच्या वयावर अवलंबून: विशीतल्या बापाकडून पंचवीसच्या आसपास, चाळिशीतल्याकडून पासष्टच्या आसपास. कारण साधे आहे. स्त्रीच्या बीजपेशींचे विभाजन तिच्या जन्माआधीच जवळपास उरकलेले असते. पुरुषाच्या शुक्रपेशींच्या मूळ पेशी वयात आल्यापासून साधारण दर सोळा दिवसांनी विभागत राहतात, म्हणजे वर्षाला तेवीस नकला. आपल्याकडे मुलात दोष निघाला की सून दोषी ठरते. अक्षरांच्या नव्या चुकांपैकी सुमारे ऐंशी टक्के बापाच्या बाजूने येतात, हे सासरच्या बैठकीत एकदा तरी मोठ्याने वाचून दाखवावे असे वाटते.

पण त्यावरून दुसरे टोक गाठू नये. जेरुसलेममधल्या जन्मनोंदींवर आधारलेल्या २००१ च्या अभ्यासात पन्नाशी ओलांडलेल्या बापांच्या मुलांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण पंचविशीच्या आतल्या बापांच्या मुलांच्या तुलनेत सुमारे तिप्पट आढळले, आणि ‘उशिरा बाप होऊ नका’ अशा बातम्या झाल्या. तिप्पट म्हणजे शंभरातल्या एकाचे तीन. सत्त्याण्णव मुले तरीही ठीकच असतात. शिवाय नव्या फेरफारांची आकडेमोड नीट केली तर या वाढीव धोक्याचा छोटाच भाग त्यांच्या वाट्याला येतो. उशिरा लग्न होणाऱ्या पुरुषांमध्येच आजाराकडे झुकणाऱ्या काही गोष्टी आधीपासून असाव्यात, हे स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे.

आता लहान वयाकडे. स्किझोफ्रेनिया साधारण शंभरात एकाला होतो आणि बहुधा अठरा ते तिशीच्या दरम्यान सुरू होतो. अठराच्या आत सुरू झाला तर त्याला लवकर सुरू झालेला म्हणतात. तेराच्या आतला फारच विरळ, सुमारे चाळीस हजार मुलांत एक. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत ज्युडिथ रापोपोर्ट यांनी १९९० मध्ये अशा मुलांचा अभ्यास सुरू केला आणि तो पुढे काही दशके चालला. त्यातला पहिला धडा जनुकांचा नव्हताच. ‘बालवयातला स्किझोफ्रेनिया’ अशी चिठ्ठी घेऊन आलेल्या मुलांपैकी बहुतेकांना तो आजार नव्हता. कुणाला मूड डिसऑर्डर, कुणाला स्वमग्नता, कुणाला नुसतेच कल्पनेतले सवंगडी. ज्यांना खरोखर होता, त्यांच्यात मात्र आजार दिसण्याच्या कितीतरी आधीपासून बोलणे उशिरा येणे, चालण्यात बेढबपणा, मित्र नसणे अशा खुणा होत्या. म्हणजे मेंदूच्या जडणघडणीतच काहीतरी लवकर बिनसले होते. लवकर आणि मोठे बिनसले असेल तर कारणही वजनदार असणार, हा तर्क तिथून पुढे आला.

तो पुष्कळ अंशी खरा ठरला. २००८ मध्ये दोन अभ्यास आले. एकात गुणसूत्राचे दुर्मिळ तुकडे गळालेले वा दुणावलेले निरोगी लोकांपैकी ५ टक्क्यांत सापडले, स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांपैकी १५ टक्क्यांत आणि अठराच्या आत आजारी पडलेल्यांपैकी २० टक्क्यांत. दुसऱ्यात घराण्यात कुणालाही आजार नसलेल्या रुग्णांमध्ये नव्याने घडलेले असे बदल निरोगी लोकांच्या आठपट निघाले. ज्यांच्या घराण्यात आजार होता त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. अमेरिकेच्या त्या बालरुग्णांच्या गटात पुढे १२६ मुलांची तपासणी झाली, तेव्हा सुमारे १२ टक्के मुलांत आजाराशी संबंध माहीत असलेला तुकड्याचा बदल आढळला. प्रौढ रुग्णांत हे प्रमाण दोन-तीन टक्क्यांच्या घरात असते.

या यादीत सर्वांत ठळक नाव २२क्यू११.२ चे. बाविसाव्या गुणसूत्रावरचा सुमारे तीस लाख अक्षरांचा, चाळीसहून अधिक जनुकांचा तुकडा गळालेला असतो. साधारण चार हजार जन्मांत एकदा असे होते. मोठे झाल्यावर यातल्या जवळपास चौथ्या हिश्श्याला स्किझोफ्रेनिया किंवा त्याच्या जवळचा आजार होतो. माहीत असलेल्या एकेकट्या कारणांत एवढे वजनदार दुसरे क्वचितच. दहांपैकी नऊ वेळा हा तुकडा नव्याने गळालेला असतो. आणि इथे बापाच्या वयाचा काही संबंध नाही. त्या जागी सारखेच दिसणारे मजकुराचे पट्टे आजूबाजूला आहेत. बीजपेशी बनताना गुणसूत्रांची जोडी लागते तेव्हा एक पट्टा भलत्याच पट्ट्यासमोर येतो आणि मधला भाग गळून पडतो. आईच्या बीजातही ते तितकेच घडते. ग्रहण, डोहाळे, गरोदरपणातली भांडणे, करणी यांपैकी कशाचाही याच्याशी संबंध नाही.

असे बदल समाजात टिकून का राहतात, हेही यातूनच कळते. स्किझोफ्रेनिया झालेल्यांना, विशेषतः पुरुषांना, मुले फार कमी होतात. जोरदार फेरफार बहुधा पुढच्या पिढीत जात नाही, तिथेच संपतो. तरी आजार संपत नाही, कारण दर पिढीत नवी नक्कल होते आणि नव्या चुका होतात. घराणी निवडून, ‘स्वच्छ’ स्थळे शोधून हा आजार हटवता येईल असे मानणाऱ्यांना यावर उत्तर नाही.

आता सर्वांत महत्त्वाची सावधगिरी. वरचे १२ टक्के उलटे वाचा: तेराच्या आत आजारी पडलेल्या मुलांतही ८८ टक्क्यांना त्या तपासणीत काही सापडले नाही. सापडलेल्यांपैकी काहींचा बदल नवा नव्हता, निरोगी दिसणाऱ्या आई किंवा बापाकडून आलेला होता, सोळाव्या गुणसूत्रावरच्या १६पी११.२ या जागेचा दुणावा असा अनेकदा येतो. राहिलेल्या बहुतेकांत, आणि प्रौढ रुग्णांत तर सर्रास, आजाराची ओढ शेकडो बारीक बारीक फरकांची मिळून बनलेली असते. २०२२ मध्ये सुमारे ७६ हजार रुग्णांच्या अभ्यासात अशा २८७ जागा निश्चित झाल्या. ते फरक तुमच्यात, शेजाऱ्यात, डॉक्टरांत, सगळ्यांत कमी-जास्त आहेत. म्हणून ‘नवा फेरफार’ म्हणजे घराण्याला क्लीन चिट आणि चाचणी कोरी आली तर घराणे दोषी, असा हिशेब होऊ लागला तर भले होण्याऐवजी वाटोळे होईल. शंभरातली दहा-बारा कुटुंबे सुटतील आणि नव्वद कुटुंबांवर शिक्का बसेल. वारसाने आलेली ओढ हाही गुन्हा नाही. एका आई-बापाला आजार असेल तरी दहांपैकी जवळपास नऊ मुलांना तो होत नाही. एकाच बीजातल्या जुळ्यांपैकी एकाला झाला तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसरा सुटतो. जनुकशास्त्र सांगून दोष काढून टाकता येईल, अशी आशा या विषयातल्या काही मंडळींना असते. आमच्या मते ती भाबडी आहे. दोष काढायचा तर घराण्यावर दोष ठेवण्याची रीतच आधी मोडायला लागते.

नात्यातल्या लग्नाचा मुद्दा इथे हटकून निघतो. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न रीतीचे आहे, सीमेपलीकडे बेळगावकडे तर मामा-भाचीचेही. ‘नात्यात दिली म्हणून असं पोरगं झालं’ हे वाक्य ओपीडीत वारंवार ऐकू येते. नव्या फेरफाराच्या बाबतीत ते साफ चुकीचे आहे. नात्यात लग्न करा किंवा सातासमुद्रापार, नक्कल करताना होणारी चूक तीच. नात्याचा संबंध येतो तो वेगळ्या आजारांत, जिथे आई आणि बाप दोघांकडून एकच बिघडलेली प्रत यावी लागते. त्यातला एक आजार इथे फार कळीचा आहे: विल्सनचा आजार. शरीरात तांबे साठते. यकृत बिघडते किंवा किशोरवयात वागणे बदलते, अक्षर बिघडते, हात थरथरतो, कधीकधी भास होतात. तो औषधाने आटोक्यात येतो, आणि उशीर झाला तर झालेले नुकसान भरून येत नाही. म्हणून नात्यातल्या लग्नाची नोंद जरूर घ्यावी, पण तिचा उपयोग रक्तातले सेरुलोप्लाझ्मिन (तांबे वाहून नेणारे प्रथिन), चोवीस तासांच्या लघवीतले तांबे आणि स्लिट लॅम्पखाली डोळे तपासण्यासाठी करावा. आईला ऐकवण्यासाठी नव्हे.

क्रम महत्त्वाचा आहे आणि तो अनेकदा चुकतो. लहान मुलात सायकोसिस, म्हणजे भास-भ्रम, दिसला की जनुकांआधी स्किझोफ्रेनियासारखे दिसणारे पण बरे होणारे आजार वगळायचे. काही आठवड्यांत झपाट्याने बिघडलेले मूल, त्यात झटके, तोंडाच्या विचित्र हालचाली, ताठरलेले अंग किंवा बोलणे बंद होणे दिसले तर एनएमडीए रिसेप्टरविरोधी मेंदूदाह, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटणारा आजार, डोक्यात यायलाच हवा. हा आजार २००७ मध्ये ओळखला गेला; त्याआधी अशी किती मुले ‘वेडी’ ठरली असतील कोण जाणे. पाठीच्या पाण्याची आणि रक्ताची तपासणी, ईईजी, एमआरआय, थायरॉइड, बी-१२, कॅल्शियम हे सगळे जनुकीय चाचणीच्या आधी.

मग चाचणी कुणाची? प्रत्येक रुग्णाची नाही. तेराच्या आत सुरुवात झालेल्या प्रत्येक मुलाची. तेरा ते अठरामध्ये सुरुवात झाली असेल तर सोबत आणखी एखादी खूण असलेल्यांची: जन्मजात हृदयदोष, टाळूला फट किंवा नाकातून बोलणे, मतिमंदत्व, स्वमग्नता, फिट्स, चेहऱ्याची वेगळी ठेवण, वारंवार कमी भरणारे कॅल्शियम. पहिली चाचणी क्रोमोसोमल मायक्रोॲरे, म्हणजे सगळ्या गुणसूत्रांवर गळालेले वा दुणावलेले तुकडे शोधणारी. त्यात काही न निघाल्यास आणि खुणा ठळक असल्यास एक्झोम, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या सगळ्या मजकुराचे वाचन, तेही शक्यतो आई-बापासह. पैसे अगदीच कमी असतील तर एमएलपीए ही स्वस्त पद्धत २२क्यू११.२ सारख्या ठरावीक जागा पाहते. जुन्या पद्धतीच्या कॅरिओटाइपवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे पाहण्यावर, समाधान मानू नये. तीस लाख अक्षरांचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बहुधा दिसत नाही. ‘गुणसूत्रे नॉर्मल’ असा कागद घेऊन वर्षानुवर्षे फिरणारी मुले यामुळेच असतात. फिश चाचणीला तो तुकडा दिसतो, पण ती विचारलेल्या एकाच जागेचे उत्तर देते.

नमुना घेणे क्षुल्लक वाटते, पण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. मायक्रोॲरे, एमएलपीए, एक्झोम यांना जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी लागते; मुलाचे दोन-तीन मिली, मोठ्यांचे तीन-चार मिली रक्त पुरते. कॅरिओटाइप आणि फिशला जिवंत पेशी हव्यात म्हणून हिरव्या झाकणाची सोडियम हेपारिन नळी, आणि ती एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोचायला हवी. नळ्यांची अदलाबदल झाली की हेपारिन डीएनएच्या कामात अडथळा आणते, आणि ईडीटीएतल्या पेशी वाढत नाहीत. नळी हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीपालटी करायची, नाहीतर गुठळी होते आणि नमुना परत. ईडीटीएची नळी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काही दिवस टिकते. बर्फाला चिकटवून पाठवू नये. तिघांच्या नळ्यांवर नाव, वय आणि नाते तिथल्या तिथे लिहायचे. बाप आणि मुलगा यांचे आडनाव एक, कधी आद्याक्षरेही एक, आणि कुरिअरच्या पिशवीत ‘पाटील’ नावाच्या तीन नळ्या. अदलाबदल झाली तर निष्कर्षच उलटतो.

आई-बापाचा नमुना पैसे वाचवण्यासाठी टाळतात, ही सगळ्यात महागडी काटकसर. नुसत्या मुलाच्या अहवालात बदल सापडला तरी तो नवा की वारसाचा हे कळत नाही, आणि अहवालावर ‘अनिश्चित अर्थाचा बदल’ अशी ओळ येते. ही ओळ भारतीय कुटुंबांत अधिक येते, कारण तुलनेसाठीचे मोठे संग्रह मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. तिथे विरळ वाटणारा फरक शिरोळमध्ये घरोघर असू शकतो. सुमारे दहा हजार भारतीयांचा मजकूर वाचणारा जीनोम इंडिया प्रकल्प यात मदत करील. त्याची माहिती संशोधकांना जानेवारी २०२५ मध्ये खुली झाली. पण आई-बापाच्या दोन नळ्यांइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

‘सापडले तरी औषध तेच ना?’ हा आक्षेप रास्त आहे आणि अर्धाच खरा आहे. भासातले आवाज थांबवणारी औषधे तीच. पण २२क्यू११.२ निघाले तर कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासले जाते, कारण कमी कॅल्शियमने फिट्स येतात आणि क्लोझापिन या स्किझोफ्रेनियाच्या औषधाने त्यांची शक्यता आणखी वाढते. लहान मुलांच्या हट्टी आजारात क्लोझापिनच सर्वांत उपयोगी, त्यामुळे ते टाळायचे नसते. कमी डोसने सुरू करून सावकाश चढवायचे, गरज पडल्यास फिट्सचे औषध जोडीला द्यायचे, आणि सुरुवातीचे अठरा आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजायच्याच. हृदयाचा एकदा नीट इको. थायरॉइड. या मुलांना मोठेपणी पार्किन्सनचा धोका जास्त असल्याने हातपाय थरथरले की ‘औषधाचा परिणाम’ म्हणून सोडून द्यायचे नाही. कुटुंबासाठीचे आकडेही बदलतात: बदल नवा असेल तर पुढच्या भावंडात तो पुन्हा येण्याची शक्यता सुमारे एक टक्का, तीही बीजग्रंथीच्या काही पेशींत तो लपलेला असू शकतो म्हणून. त्या मुलाच्या स्वतःच्या अपत्यात मात्र निम्मी. हे दोन आकडे वेगवेगळ्या खोलीत, वेगवेगळ्या दिवशी सांगितले तरी चालतील, पण दोन्ही सांगितलेच पाहिजेत.

दुसरा आक्षेप पैशाचा: जिल्ह्यात बालमानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तालुक्याला औषधांचा खंड पडतो, आणि तुम्ही जनुके काय काढता? ढोबळ हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार. तेराच्या आतली मुले चौथा हिस्सा धरली तर साडेनऊ लाख. चाळीस हजारांत एक, म्हणजे अख्ख्या जिल्ह्यात पंचविसेक मुले. एका कुटुंबामागे चाचणीचे तीस हजार धरले तरी सगळे मिळून साडेसात लाख, तेही एकदाच. नंतर दरवर्षी मोजकीच नवी मुले. एवढ्या पैशात डॉक्टरही येत नाही आणि गोळ्यांचा प्रश्नही सुटत नाही. ही मागणी त्या मागण्यांच्या ताटातले काढून घेणारी नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये इथे सुरू होईपर्यंत कोल्हापूरने कित्येक दशके मुंबईचे हेलपाटे नकोत म्हणून आंदोलन केले. रक्ताच्या नळीला पुणे-मुंबईला जायला हरकत नाही, ती कुरिअरने जाते. चंदगडच्या आई-बापाला मात्र जायला लावू नये. नमुना कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात घ्यावा, समुपदेशक महिन्यातून दोनदा तिथे बसावा किंवा व्हिडिओवर यावा, आणि अहवाल मराठीत समजावून मिळावा.

याहून स्वस्त आणि अधिक उपयोगी काम तर आधीच निम्मे झालेले आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाडी आणि शाळेत मुले तपासतात. त्यांच्या यादीत जन्मजात हृदयदोष आहे, दुभंगलेले ओठ-टाळू आहेत, वाढीतला विलंब आणि शिकण्यातली अडचणही आहे. २२क्यू११.२ ची मुले नेमकी याच रकान्यांत विखुरलेली असतात. तिसऱ्या वर्षी हृदयाची शस्त्रक्रिया, सातव्या वर्षी नाकातून बोलतो म्हणून वाचा उपचार, दहाव्या वर्षी गणितात नापास, चौदाव्या वर्षी कानात आवाज. चार फायली, चार विभाग, आणि त्या एका टेबलावर कधीच येत नाहीत. फॅलोटची टेट्रालॉजी हा जन्मजात हृदयदोष असलेल्या दर सहा-सात मुलांत एकाला हा बदल असतो. यादीतले दोन रकाने एकाच मुलाला लागू झाले की कार्डावर खूण करायची आणि जिल्हा लवकर निदान केंद्रात एमएलपीएसाठी नमुना घ्यायचा, एवढाच नियम पुरे.

इथे आमचीही थोडी अडचण होते. २२क्यू११.२ निघालेल्या पाच वर्षांच्या, हसत्या-खेळत्या मुलाच्या आईला ‘पुढे स्किझोफ्रेनिया होण्याची चारात एक शक्यता आहे’ हे सांगायचे का? आमचे मत: सांगायचे, पण कॅल्शियम, हृदय, ऐकू येणे, शाळा या आजच्या कामांच्या मागोमाग, आणि ‘बारा-तेराव्या वर्षी एकदम गप्प झाला, अभ्यास घसरला, झोप उडाली तर वाडीला किंवा देवरुष्याकडे न जाता आधी इथे या’ या वाक्यासकट. तोवर दर वर्षी एक भेट. उशिरा सुरू झालेल्या उपचाराने होणारे नुकसान टाळता आले तर त्या एका वाक्याचे मोल फार आहे.

आता घरातले राजकारण. तिघांची तपासणी केली की दोन गोष्टी बाहेर येऊ शकतात. बदल आईकडून आला, किंवा कागदोपत्री बाप तो जनुकीय बाप नाही. दुसरी प्रयोगशाळेला दिसते; अहवालात ती लिहिली जात नसली तरी ‘नवा बदल’ हा निष्कर्ष तिच्यामुळे चुकू शकतो. म्हणून संमतीपत्र रक्त घेण्याआधी, दोघांशी वेगवेगळे बोलून भरायचे. ‘असे काही निघाले तर कुणाला सांगायचे’ हा रकाना त्यात हवा. बदल एकाकडून आला असेल तर आधी त्या व्यक्तीला एकटीला सांगायचे. सासू, दीर, गावचे सरपंच अशी दहा माणसे खोलीत असताना तर नाहीच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, पण तो टिकवायचा असेल तर ओपीडीच्या दाराला पडदा लागतो.

विम्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जनुकीय कारण दाखवून आरोग्य विमा नाकारणे हा भेदभाव ठरवला. तरी जनुकीय माहितीवरून होणारा भेदभाव रोखणारा स्वतंत्र कायदा देशात नाही. तोवर अहवालाची प्रत कुणाला द्यायची हे कुटुंबाने ठरवायचे, एजंटाने नाही.

लग्नाचे तर विचारूच नका. ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ म्हणणारेच उद्या ‘मुलीचा जनुकीय रिपोर्ट दाखवा’ म्हणतील. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ५ मध्ये मानसिक आजाराची अट आहे, पण ती आजाराच्या स्वरूपाशी आणि तीव्रतेशी बांधलेली आहे. घटस्फोटासाठीही नुसते स्किझोफ्रेनिया हे नाव पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितले. मग आजार नसलेल्या बहिणीच्या रक्तातल्या फरकांवरून तिचे स्थळ मोडणे कुठल्या न्यायात बसते? खासगी प्रयोगशाळा ‘मानसिक आजाराचा जनुकीय धोका’ टक्क्यांत सांगणारी चाचणी विकतात. शेकडो बारीक फरकांची ती बेरीज एका माणसाबद्दल काहीच ठरवू शकत नाही, आणि युरोपीय माहितीवर बेतल्याने आपल्याकडे तर आणखी ढिली पडते. भावंडांची तपासणी करायची ती मुलाच्या बदलाचा अर्थ लावण्यापुरती, आणि भावंड सज्ञान होऊन स्वतः हो म्हणाल्यावर. सरकारी केंद्राने ‘लग्नासाठी प्रमाणपत्र’ कुणालाही देऊ नये, तसा फलकच दारावर लावावा.

शेवटी एक प्रशासकीय बाब उरते, आणि ती कुणाच्या लक्षात राहत नाही. अहवाल हा अंतिम कागद नसतो. मोठ्या अभ्यासाने २०२२ मध्ये सेटडी१ए, ग्रिन२ए यांसारखी दहा जनुके नक्की होईपर्यंत त्यांतले अनेक बदल ‘अनिश्चित’ खात्यात पडून होते. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी जुना एक्झोम पुन्हा वाचून घ्यायचा असतो. नवे रक्त लागत नाही, फक्त साठवलेली माहिती आणि कुटुंबाचा पत्ता लागतो. पत्ता म्हणजे केसपेपरवर लिहिलेला मोबाइल नंबर, जो ऊसतोडीच्या हंगामानंतर बदललेला असतो. एक वही, त्यात मुलाची नोंद, गावच्या आशाताईचे नाव आणि पुढच्या फेरतपासणीचा महिना. ही वही कुणाच्या टेबलावर राहील ते आधी ठरवावे, मग पहिली जांभळी नळी भरावी.